सावत्र आई विधवा झाली तर?



आपल्याकडे 'सावत्र' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. त्या शब्दामागे राबणारी बाई कोणी पाहत नाही. सावर्डे, चिपळूण पट्ट्यातील वाड्यांतून पुरुष पोटासाठी मुंबईला जातात. पहिली पत्नी वारली की लेकरांकडे पाहायला कोणीतरी हवे म्हणून दुसरे लग्न होते. वीस-बावीस वर्षांची मुलगी आल्या दिवशीच दोन मुलांची आई होते. पुढे नवराही गेला म्हणजे? भावकी म्हणते, "मुले आमची, तुझे इथे काय?" माहेरचे म्हणतात, "पोरे त्यांची त्यांना दे, तू दुसरे घर बघ." एखादा भला माणूस तिला मुलांसह पत्करायला पुढे आला, तर पाणवठ्यावर कुजबुज सुरू होते.

भगिनींनो, विधवेचे लग्न आपल्याला नवे नाही. पाट आपल्या पणज्यांनीही लावले. पण ते रात्री, गुपचूप, कमीपणाने. आता तो कमीपणा कशाला?

कायदा काय सांगतो, ते पाहा. १९५५-५६ सालचे विवाह, वारसा, पालकत्वाचे कायदे आपल्या बौद्धांनाही लागू आहेत. हेच कायदे आधी हिंदू कोड बिल म्हणून रखडले, तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते. नवऱ्याने मृत्युपत्र केले नसेल, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, प्रत्येक मूल आणि सासू यांना सारखा वाटा मिळतो. पुन्हा लग्न केले म्हणून मिळालेला वाटा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले.

मुलांबाबत मात्र कायदा कठोर आहे. १९५६ च्या पालकत्व कायद्यात 'आई' या शब्दात सावत्र आई येत नाही. दहा वर्षे भरवले, शाळेत घातले, तरी ती आपोआप पालक ठरत नाही. तिने १८९० च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. तिथे मुलांचे हित सर्वांत आधी पाहिले जाते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे चौकशी करा.

उलट बाजूही ऐका. पोटचे मूल नसलेल्या विधवा सावत्र आईला सावत्र मुलाकडे पोटगी मागता येते, असा निकाल १९९६ साली लागला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने तर 'पालक' या शब्दात सावत्र आईलाही घेतले. म्हणजे म्हातारपणी ती आई, आणि मुले लहान असताना परकी! हे कोडे समाजानेच माणुसकीने सोडवायचे आहे.

माईसाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. डॉ. शारदा कबीर यांचे लग्न बाबासाहेबांशी १५ एप्रिल १९४८ रोजी झाले. १९५६ साली त्या विधवा झाल्या, तेव्हा वय सत्तेचाळीस. भय्यासाहेब त्यांच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान. बाबासाहेबांच्या निधनानंतर माईसाहेबांवर संशयाची बोटे रोखली गेली आणि पुढची कित्येक वर्षे त्या समाजापासून दूर, एकट्या राहिल्या. १९९० साली बाबासाहेबांचे 'भारतरत्न' त्यांनीच स्वीकारले. २००३ साली त्या गेल्या. एवढ्या शिकल्या-सवरलेल्या डॉक्टर बाईला एकटेपण सोसावे लागले, तर वाडीतल्या अडाणी पोरीचे काय होत असेल?

म्हणून बंधूंनो, भावकीच्या बैठकीत अशी पोर उभी राहिली, तर तिला आधी एक विचारा: "बाई, तुझ्या मनात काय आहे?" मुलांनाही विचारा, त्यांना कोणाजवळ राहायचे आहे. आणि ती नवे घर मांडत असेल, तर विहारात, दिवसाढवळ्या, मुलांना पुढे बसवून मांडू द्या.