खिदमतीसाठी विमानाचं तिकीट कशाला?

आमच्या ऑफिसात दरवर्षी एक मेल येतो. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात दहा दिवस जायचं, लहान मुलांच्या लसीकरणाला मदत करायची, गावातल्या शाळेच्या भिंती रंगवायच्या. खर्च स्वतःचा, दीड-दोन लाखांच्या घरात. गेल्या वर्षी आपल्यातल्या दोन तरुण सहकाऱ्यांनी विचारलं, "भाई, जाऊ का? सवाबचं काम आहे." मी म्हटलं, नीयत चांगली आहे, पण आधी अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला जा आणि तिथून गोवंडीची बस पकडा. असं का म्हणालो, ते इथे सविस्तर मांडतो.

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या रफी नगरमध्ये तीन लहान मुलं ४८ तासांच्या आत दगावली. चौकशीत गोवराची साथ उघड झाली. मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण वाढले. गोवराची लस १९८५ पासून देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आहे आणि सरकारी केंद्रात ती फुकट मिळते. तरीही आपल्या ऑफिसपासून तासाभराच्या अंतरावर मुलं गोवराने मेली. आणि या सगळ्या वस्त्यांची नावं आपल्या ओळखीची आहेत, कारण तिथे आपलीच माणसं राहतात.

गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजारी पाडू शकतो. साथ रोखायची तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. गळती इथेच होते. कुटुंब मुलुखाला जातं आणि परत येईपर्यंत तारीख उलटलेली असते. खोली बदलताना कार्ड हरवतं. आधीच्या एखाद्या लशीनंतर बाळाला ताप आलेला असतो, आईची दोन दिवसांची मजुरी बुडालेली असते आणि असा ताप येऊ शकतो हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं. त्यात घरोघर नावं लिहायला येणाऱ्याबद्दलचा संशय. तो का वाढला, हे आपल्याला ठाऊक आहे.

दहा दिवसांसाठी आलेला पाहुणा यातलं काय सोडवणार? पहिल्या डोसचा फोटो तो काढून नेईल, पण सात महिन्यांनी दुसऱ्या डोसची आठवण करून द्यायला तो नसेल.

पोलिओचा अनुभव हेच सांगतो. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये फक्त एक. २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. परदेशातले रोटरीवाले इथे येऊन थेंब पाजून गेले, त्यांनी पैसाही उभा केला, त्याची कदर करायलाच हवी. पण पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मोहल्ल्यांमध्ये बंद दारं उघडली ती त्याच गल्लीतल्या बायकांनी, मशिदीच्या इमामांनी, अलीगढ आणि जामियाच्या लोकांनी. लस तीच होती, सांगणारा माणूस बदलला.

हराम-हलालचा प्रश्नही टाळून चालणार नाही, कारण तो विचारला जातोच. काही लशींमध्ये जिलेटिन असतं. १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामिक वैद्यकीय विज्ञान संघटनेच्या परिषदेत शंभराहून जास्त विद्वानांनी इस्तिहालाच्या, म्हणजे मूळ पदार्थ पूर्ण बदलून जाण्याच्या, आधारावर असं जिलेटिन चालतं असं म्हटलं. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लशीतल्या घटकावर आक्षेप घेतला, पण मुलाचा जीव आणि पर्यायाचा अभाव पाहून जरूरत म्हणून ती घ्यायला परवानगी दिली. मार्ग वेगळे असले तरी दोन्हीकडे लस घेण्याची वाट खुलीच राहिली. एखाद्या अम्मीला हे आपल्या बोलीत समजावणं नैरोबीहून आलेल्या माणसाला जमणार नाही. तुम्हाला जमेल.

मुंबईत याचा जुना दाखला आहे. १८९७ मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस आणली तेव्हा लोक घाबरलेले होते. त्या काळात विशीच्या आसपासच्या तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतलं आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. आपल्या माणसाने आधी बाही वर केली, याचा परिणाम हजार पत्रकांनी होत नाही.

कुणी विचारेल, आफ्रिकेतली मुलं मुलं नाहीत का? आहेतच. नर्स, डॉक्टर, लशींची शीतसाखळी सांभाळणारे तंत्रज्ञ यांची तिथे गरज असेल तर त्यांनी जरूर जावं. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याने तिकिटाचे पैसे तिथल्या स्थानिक परिचारिकांच्या पगारासाठी पाठवले, तर उपयोग जास्त होईल.

मग इथे काय करायचं? पालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि तिथल्या आरोग्य सेविकेला विचारा, कोणत्या गल्ल्यांत मुलं सुटली आहेत. तिच्यासोबत रविवारी फिरा. पुढे ती असेल, मागे आपण. ज्यांचं कार्ड हरवलंय त्यांची यू-विनवर नोंद आहे का, ते मोबाइलवर बघून द्या. पुढची तारीख आईच्या फोनमध्ये टाका आणि आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करा. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटं लसीकरणासाठी द्या, अशी विनंती मशिदीच्या कमिटीला करा. नळाला पाणी येत नाही, दवाखाना लवकर बंद होतो, अशी तक्रार ऐकू आली तर ती लिहून वॉर्ड ऑफिसला द्या. गावविकास म्हणतात तो हाच, फक्त इथे गावाऐवजी गल्ली आहे.

या कामाचे फोटो फारसे चांगले येत नाहीत. महिन्यातले दोन रविवार मात्र वर्षभर द्यावे लागतात, कारण नऊ महिन्यांचं बाळ सोळा महिन्यांचं होईपर्यंत कुणीतरी तिथे असायला हवं.