पिकल्या केसांची धाव



आदिलाबाद जिल्ह्यातील पैनगंगेकाठच्या एका गावाहून आम्हांस एका भगिनीचे पत्र आले आहे. घरची भाषा मराठी, बाजाराची तेलुगू आणि मुलांची शाळाही तेलुगू, असे त्या भागातील अनेक कुटुंबांसारखेच हे कुटुंब. पत्र चार पानी आहे. त्यातील खाजगी मजकूर वगळून त्याचा आशय येथे देतो, कारण हा प्रश्न एका घरापुरता आहे असे आम्हांस वाटत नाही.

भगिनी लिहितात की, त्यांचे मामाजी सहासष्ट वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, चालत जा. मामाजी महिनाभर चालले आणि मग एके दिवशी, कोणास न सांगता, धावू लागले. आता ते पहाटे साडेचारला उठतात, पायांत नातवाचे जुने बूट घालतात आणि सडकेने जिनिंग कारखान्यापर्यंत जाऊन येतात. चहाच्या टपरीवरची मंडळी हसतात, "बुवा, मागे कुत्रे लागले काय?" असे विचारतात. सासूबाईंना गुडघेदुखी आहे. त्या म्हणतात, "हातात जपमाळ धरायचे हे वय, आणि यांना बूट सुचले!" मामाजी परत येईतो म्हशीची धार, शेणगोठा, पाणी हे सारे सुनेवर पडते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर तिला श्वास घ्यावयास सवड नसते. भरीस भर म्हणून, तालुक्याच्या गावी होणाऱ्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत आपले नाव घालावे असे मामाजींनी मुलास सांगितले आहे. "त्यांना आवरावे की धावू द्यावे?" असा भगिनींचा प्रश्न आहे.

आधी शरीराचे बोलू, कारण तेथे उत्तर सोपे आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ साली पन्नाशी ओलांडलेली ५३८ धावणारी माणसे आणि साधारण त्याच वयाची, प्रकृतीने चांगली पण न धावणारी ४२३ माणसे निवडली व त्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. २००८ साली निष्कर्ष छापला गेला. एकोणीस वर्षांत न धावणाऱ्यांपैकी शेकडा ३४ वारले होते. धावणाऱ्यांपैकी शेकडा १५. त्याहूनही आम्हांस महत्त्वाचे वाटले ते हे की, उठणे-बसणे, कपडे घालणे, चालणे यांसाठी दुसऱ्याचा हात लागण्याची वेळ धावणाऱ्यांवर कितीतरी वर्षे उशिरा आली. आता, मुळात ज्याची प्रकृती बरी तोच पन्नाशीनंतर धावावयास निघतो, हेही खरे. तेव्हा सगळे श्रेय धावण्यास देता येणार नाही. पण हा एवढा फरक नुसत्या निवडीने पडत नाही.

धावल्याने गुडघे झिजतात ही समजूत खेड्यापाड्यांत पक्की आहे. त्याच विद्यापीठाने धावणाऱ्या व न धावणाऱ्या वृद्धांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे अठरा वर्षांच्या अंतराने ताडून पाहिली. धावणाऱ्यांचे गुडघे अधिक झिजलेले आढळले नाहीत. ज्याचा गुडघा आधीच दुखावलेला आहे त्याची गोष्ट अर्थात निराळी. सासूबाईंनी धावावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

"शेतकऱ्याला कसला व्यायाम? तो तर दिवसभर राबतोच," असे कोणी म्हणेल. आम्हीही पूर्वी असेच म्हणत होतो. परंतु पाहा, मोट जाऊन पंप आला, बैलजोडीच्या जागी भाड्याचा ट्रॅक्टर आला आणि आठवडी बाजाराची चार कोसांची पायपीट आता दहा मिनिटांच्या मोटारसायकलवर आली आहे. ज्या पुरुषाने मुलाच्या हाती शेत सोपविले, त्याचा दिवस पारावर व टपरीवर जातो. बायकांचे कष्ट मात्र तसे कमी झाले नाहीत. पण दिवसभर कंबरेत वाकून कापूस वेचणे म्हणजे पाठीची झीज. त्याने छातीचा भाता फुलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली वडीलधाऱ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे दमछाकीची हालचाल सुचविली आहे. शिवाय तोल सांभाळण्याचा व स्नायूंच्या बळाचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. मामाजींचे गणित ह्यात नीट बसते.

राहिला लोकांच्या हसण्याचा प्रश्न. त्याच जिल्ह्यात, इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. त्या पूजेसाठी गोंडांच्या मेश्राम कुळातील मंडळी गोदावरीचे पाणी आणावयास अनवाणी पायी जातात आणि गावोगाव मुक्काम करीत पायीच परत येतात. त्यांत पिकल्या केसांची माणसेही असतात. त्यांस कोणी हसत नाही. उलट वाटेतली गावे त्यांची वाट पाहतात. म्हणजे म्हाताऱ्याने पाय चालविण्यास आपल्या लोकांची हरकत नाही. तो स्वतःसाठी पाय चालवू लागला की हसू येते. टपरीवरच्या मंडळींनी ह्याचा विचार करावा.

म्हातारपणी धावण्याची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात एक नाव हमखास घेतले जाते, ते बारामतीच्या लताबाई भगवान करे यांचे. मूळचे हे कुटुंब बुलढाण्याकडचे. मजुरीसाठी बारामतीच्या बाजूस आलेले. तीन मुलींची लग्ने करून दिल्यावर गाठीस काही उरले नव्हते. अशात पती आजारी पडले व डॉक्टरांनी एमआरआय तपासणी सांगितली. पैसा कोठून आणावा? गावात मॅरेथॉनची शर्यत होती आणि वडीलधाऱ्यांच्या तीन किलोमीटरच्या धावेस पाच हजार रुपयांचे बक्षीस होते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढेही त्या धावल्या व जिंकल्या. त्यांच्या आयुष्यावर नवीन देशबोइना ह्या तेलुगू भाषिक दिग्दर्शकाने 'लता भगवान करे' हा मराठी चित्रपट काढला. तो २०२० साली आला. त्यात लताबाईंनी स्वतःची भूमिका स्वतःच केली आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

ही गोष्ट सांगताना वक्ते हात उंचावतात व टाळ्या पडतात. आम्हांस मात्र टाळी वाजविताना नेहमी थोडे थांबावेसे वाटते. त्या बाईच्या धैर्यापुढे आमचे मस्तक नम्र आहे. पण नवऱ्याच्या तपासणीचे पाच हजार रुपये मिळविण्यास साठीच्या बाईने अनवाणी धावावे लागते, ह्यात कौतुक करण्याजोगे काय आहे? ती दुसरी आली असती तर? त्या दिवशी तिच्या मागे धावणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कोणाच्या घरीही आजारी माणूस असेल, आणि त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. लताबाईंची धाव हा व्यायाम नव्हता, निकड होती. मामाजींची धाव निकडीची नाही. पायांत बूट आहेत, घरी म्हैस आहे, मुलगा कर्ता आहे. हे भाग्य त्यांनी ओळखावे आणि अनवाणी धावण्याचा मोह कधी धरू नये. मधुमेह्याच्या पायांची संवेदना कमी होत जाते. टोचलेला काटा कळत नाही व जखम चिघळते. धावून आल्यावर रोज दोन्ही तळवे उजेडात पाहावेत. नातवाचे बूट मापाचे नसतील तर आधी मापाचे घ्यावेत.

दुसरे नाव पंजाबचे फौजासिंग. जालंधर जिल्ह्यातील ब्यास पिंड हे त्यांचे गाव, जन्म १९११ चा. प्रथम पत्नी गेली. मग १९९४ साली मुलगा कुलदीप अपघातात डोळ्यांदेखत गेला. इंग्लंडमध्ये दुसऱ्या मुलाकडे राहावयास गेलेला हा शेतकरी ऐंशीच्या पुढे धावू लागला, तो शोक आवरावा म्हणून. २००० साली, ८९ व्या वर्षी, त्यांनी लंडनची मॅरेथॉन पुरी केली, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. २०११ साली टोरांटो येथे शंभराव्या वर्षी ती पुन्हा पुरी केली. सव्वाआठ तासांहून थोडा कमी वेळ लागला. गिनेसच्या पुस्तकात हा विक्रम नोंदला गेला नाही, कारण जन्माचा दाखला नव्हता. (आपल्या वाचकांपाशी निदान बाप्तिस्म्याच्या वहीतली नोंद असते; ती जपून ठेवावी, कधी कशास उपयोगी पडेल सांगता येत नाही.) फौजासिंगांचा अंत मात्र ध्यानी धरण्याजोगा आहे. १४ जुलै २०२५ रोजी, ११४ वर्षांचे असताना, आपल्याच गावी रस्ता ओलांडताना मोटारीने त्यांस उडविले. इतकी वर्षे ज्या पायांनी साथ दिली त्यांचा दोष काहीच नव्हता.

म्हणून मामाजींस आमची पहिली विनंती रस्त्याविषयी आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या सडकेवर पहाटेपासून मालाच्या गाड्या लागतात. साडेचारच्या काळोखात त्या सडकेवर धावणे हा व्यायाम नव्हे, जुगार आहे. शाळेचे मैदान असेल तर तेथे फेऱ्या माराव्यात, नाहीतर शेताची पांदण धरावी. मातीची वाट पायांसही मऊ असते. सडकच धरावी लागली तर उजव्या अंगाने धावावे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंगात पांढरा सदरा व हाती बॅटरी असावी. शिवाय आदिलाबादची पौषातली पहाट म्हणजे गंमत नव्हे. काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात व रक्तदाब चढतो. त्या दिवसांत ऊन दिसू लागल्यावरच निघावे आणि पहिली दहा मिनिटे नुसते चालावे. वैशाखात याउलट, ऊन तापण्याआधी घरी यावे.

शर्यतीपूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब व हृदयाचा आलेख काढून घ्यावा. इन्सुलिनची सुई किंवा मधुमेहाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असल्यास उपाशीपोटी धावल्याने रक्तातील साखर एकाएकी उतरते. आपल्या गोळ्या त्यांतल्या आहेत का हे विचारावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीवर दडपण आले, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, घेरी आली, तर तेथेच थांबावे व हाक मारावी. लाजू नये. आणि धावता धावता शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता येतील एवढाच वेग ठेवावा.

अशा शर्यती बहुधा रविवारी सकाळीच असतात. तेव्हा मिस्सा कोणत्या वेळेचा धरावा, ह्याचे उत्तर धर्मगुरूंकडून घ्यावे. ते आमच्या अधिकारातले नाही. सासूबाईंना मात्र एवढे सांगावे की, अमेरिकेतल्या सिस्टर मॅडोना ब्युडर ह्या धर्मभगिनी एका धर्मगुरूंच्याच सुचविण्यावरून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धावू लागल्या, आणि २०१२ साली ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी पोहणे, सायकल व पूर्ण मॅरेथॉन असा 'आयर्नमॅन' एका दिवसात पुरा केला. जपमाळ आणि बूट यांचे वैर नाही.

आता म्हशीचे. खरे सांगावयाचे तर पत्र दुसऱ्यांदा वाचताना आमचे लक्ष मामाजींवरून उडाले. तिसऱ्या पानाच्या कडेला, जागा उरली म्हणून लिहावे तशी, भगिनींनी एक ओळ लिहिली आहे. शाळेत असताना चारशे मीटरच्या धावेत त्यांस बक्षीस मिळाले होते. पुढे काही नाही. लगेच सासूबाईंच्या औषधाचा मजकूर सुरू होतो. म्हाताऱ्याने पहाटेचा एक तास स्वतःसाठी घेतला, तो कोणाच्या तरी तासातून आला. म्हशीची धार थांबत नाही. मामाजींस आवरावे असे आम्ही म्हणणार नाही, पण घरच्या पुरुषांनी बसून हा तास मोजावा. आठवड्यातून तीन दिवस मामाजींनी धावावे. उरलेल्या दिवसांपैकी निदान दोन दिवस धार त्यांनी काढावी, शेणगोठा मुलाने पाहावा आणि त्या वेळात सूनबाईंनी मैदानावर जावे. पातळ नेसून धावता येत नसेल तर सलवार-कमीज घालावा. टपरीवर हसणारे तसेही हसतच आहेत, आणि सोबतीस मामाजींची नात असेल तर आणखी बरे. सासूबाईंचे पाय परसात खाट धरून उभे राहण्या-बसण्याच्या व्यायामाने हळूहळू सुटे होतील. तो दहा मिनिटे मामाजींनीच शेजारी बसून करून घ्यावा. त्यांच्या कुरकुरीचे निम्मे कारण गुडघ्यात नसून एकटेपणात असावे, असा आमचा कयास आहे.

हे पत्र घरी सर्वांसमक्ष वाचावे. आणि शर्यत झाल्यावर मामाजी कितवे आले ते आम्हांस अवश्य कळवावे. शेवटून पहिले आले तरी. त्या शर्यतीत बायकांसाठी निराळा गट आहे की काय, हेही नाव घालावयास गेलेल्या मुलाने विचारून ठेवावे.