छाट आणि हिरवा ठिपका

गेल्या मे महिन्यात नागभीड तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. तेंदूचा हंगाम. पहाटे जंगलात गेलेल्या बायका दहाच्या सुमारास परतल्या. वाघाच्या धाकानं जाणं-येणं घोळक्यानंच. आल्या तशा ओसरीवर पुडे बांधायला बसल्या. एका पुड्यात सत्तर पानं मोजून. सांजेला फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, पोचवायचे, म्हणून घरातली लहानथोर सगळी हाताशी घेतलेली.

भाचा मात्र आतल्या खोलीत, कूलरपुढं, लॅपटॉप उघडून. पुण्यातल्या एका कंपनीत आहे. पुडा बांधता बांधता शेजारच्या आजीनं मला विचारलं, "भाऊ, पोरगा नोकरीवर हाय म्हन्ते, मंग घरीच कसा हाय बाप्पा?"

स्वतः आजी तेव्हा घरच्या ओसरीवर बसून मजुरीचंच काम करत होती. पण ते तिच्या लेखी नोकरी नव्हतं. नोकरी म्हणजे डबा घेऊन जाणं. आमच्या जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना. भोंगा वाजला की निघायचं, हेच तीन पिढ्यांनी पाहिलेलं.

भाच्याला रुजू होताना सांगितलं होतं, 'काम कायम घरूनच.' त्या एका शब्दावर त्यानं कर्ज काढून स्लॅबची खोली बांधली, इन्व्हर्टर घेतला, दोन कंपन्यांचं नेट घेतलं. आभाळ आलं की लाइट जाते. 2920 मेगावॅटचं वीज केंद्र जिल्ह्यात असून ही गत! तरी घराला बरे दिवस आले होते. पगार गावात खर्च व्हायचा, आणि रोवणीच्या दिवसांत बहिणीला मुलगा बांधावर दिसायचा. मग तीन ओळींचा मेल आला : पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात. नागभीडहून पुणं हे काही जाऊन-येऊन करण्याचं अंतर नव्हे.

हे एकट्या भाच्याचं रडगाणं नाही. टीसीएसनं 2020 मध्ये जाहीर केलं होतं की 2025पर्यंत एका वेळी पाव कर्मचारीच कार्यालयात लागतील. ऑक्टोबर 2023 पासून तिथंच पाच दिवस हजेरीचा नियम लागू झाला. विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारनं जुलै 2022 मध्ये घरून कामाचा नियम केला, तोही तेव्हा निम्म्या कर्मचाऱ्यांपुरता आणि एका वर्षाच्या मुदतीचा. 'कायम' हा शब्द तोंडी होता, कागदावर नव्हता.

घरून काम करणाऱ्यांत कागदावर हक्क कोणाचा आला? ओसरीवरचं हे पान जिथं जातं, तिथल्या बायकांचा. भंडारा-गोंदियात, सोलापुरात बिडी वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरूनच काम करत आल्या. मालक म्हणत, या आमच्या कामगार नव्हेतच; घरी बसून वळतात, त्यांच्यावर आमची देखरेख कुठं आहे? 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार मानलं. भविष्यनिर्वाह निधीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1985 मध्ये निकाल बायकांच्या बाजूनं लागला. त्यातला युक्तिवाद मला फार आवडतो. आणलेल्या बिड्यांतून मालक नापसंत बिड्या बाजूला काढतो, म्हणजे छाट काढतो. हा अधिकार हीच त्याची देखरेख. जी छाट बाईची मजुरी कापायची, तीच तिच्या नोकरीचा पुरावा ठरली.

भाच्याच्या पडद्यावर नावाशेजारी तो हजर असल्याचा एक हिरवा ठिपका असतो. काही मिनिटं हात थांबला की पिवळा होतो. जेवतानाही तो एका हातानं माउस हलवतो. बिडीवालीवर संध्याकाळी एकदा छाटीची नजर, याच्यावर दिवसभर. मात्र खोलीचा हप्ता, लाइटचं बिल, खुर्ची, पाठदुखी सगळं त्याच्या घरचं. तिच्या घरच्या दिव्याचं तेलही मालकानं कधी दिलं नाही, पण ती कामगार आहे हे तरी कायद्यात लिहिलं गेलं. हा कामगार आहेच. त्याचं घर कामाची जागा आहे, हे त्याच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नाही.

घरून काम मला हवं आहे. आमच्यासारख्या जिल्ह्यांना तर फारच हवं आहे. शिकलेल्या मुलांना गावात राहायची दुसरी वाट आज दिसत नाही. पण कंपनीला 'कायम' म्हणायचं असेल तर नेमणूकपत्रात म्हणावं. विजेचा आणि नेटचा खर्च कोणाचा, ठिपका किती वाजता विझणार, परत बोलावायचं तर किती महिने आधी सांगणार, हे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं. आणि मुलांनी ते हातात पडेपर्यंत घरावर स्लॅब टाकू नये.

भाचा जूनमध्ये पुण्याला गेला. खोलीत आता धानाची पोती आहेत. कर्जाचे हप्ते अजून अडतीस राहिलेत.