एचआयव्हीसह जगणाऱ्या चाळिशीपुढील महिलांच्या हृदयतपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, परभणी

विषय : हृदय व रक्तवाहिन्यांची तपासणी एआरटी केंद्रातच करण्याबाबत.

महोदय,

1 एप्रिल 2004 पासून शासनाने एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) मोफत सुरू केली. तिच्या आधाराने जगलेल्या अनेक महिला आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. विषाणू आटोक्यात आला तरी शरीरातील सौम्य दाह पुरता शमत नाही. त्याने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते, चरबीचे थर साचतात; त्यातच पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचे संरक्षण घटते. बॉस्टनच्या दोन रुग्णालयांतील 2007 च्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याची जोखीम एचआयव्ही असलेल्या पुरुषांत इतर पुरुषांच्या सुमारे 1.4 पट, तर महिलांत इतर महिलांच्या जवळपास तिप्पट आढळली. हा धोका कमी करताही येतो. भारताचाही सहभाग असलेल्या रिप्रीव्ह चाचणीत एचआयव्हीसह जगणाऱ्या, 40 ते 75 वयाच्या 7,769 जणांचा अभ्यास झाला. 2023 च्या निष्कर्षांनुसार पिटावास्टॅटिन हे कोलेस्ट्रॉल कमी करणारे स्टॅटिन गटातील औषध घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना 35 टक्क्यांनी कमी होत्या.

तीस वर्षांपुढील सर्वांचा रक्तदाब व साखर आरोग्य केंद्रात तपासण्याची योजना आहेच, मग वेगळे काय हवे, असे विचारले जाईल. पण पेडगावसारख्या गावात, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे बाई आपला एचआयव्ही सांगणार नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तिच्यावर तशी सक्तीही करता येत नाही. तिला एचआयव्ही आहे हे तपासणाऱ्याला ठाऊक नसेल तर जोखमीचा अंदाज कमी निघतो. चालताना लागणारी धाप अशक्तपणाची समजली जाते. सिगारेट ओढता का, या प्रश्नात मिश्री येतच नाही. शिवाय काही एआरटी औषधांसोबत सिम्वास्टॅटिन देणे घातक ठरते. ही सारी माहिती एकत्र येऊ शकते ती एआरटी केंद्रात. खर्च व मनुष्यबळाची अडचण खरी आहे. परंतु औषध न्यायला ती येतेच, रक्तही तिथे घेतले जाते. त्याच फेरीत तपासणी झाली तर तिचे भाडे आणि मजुरीचा दिवस दोन्ही वाचतील.

म्हणून आमची मागणी अशी : जिल्ह्यातील एआरटी केंद्रात चाळिशीपुढील प्रत्येक महिलेचा रक्तदाब दर भेटीत, साखर व लिपिड प्रोफाइल वर्षातून एकदा तपासावे, मिश्री-तंबाखू व पाळी थांबल्याची नोंद ठेवावी, डॉक्टरांच्या निर्णयानुसार योग्य स्टॅटिन तिथेच मोफत द्यावे, आणि गावपातळीवर तिची ओळख उघड होणार नाही याची लेखी हमी द्यावी. केलेल्या कार्यवाहीची माहिती आम्हास लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पेडगाव परिसरातील नागरिक
(ता. जि. परभणी)