गोवर 'आत दबत' नाही

ठाकुर्लीत नव्वद फुटी रस्त्यावरचे टॉवर असोत की चोळेगावातली जुनी घरं, लेकराच्या अंगावर लाल पुरळ दिसलं की सल्ला एकच मिळतो: 'गोवर आहे, बाहेर पडू दे. आंघोळ नको, घरात फोडणी नको, औषध तर मुळीच नको. आत दबेल.'

गोवर दबत नाही. तो विषाणूचा आजार आहे. आधी तीन-चार दिवस सणसणीत ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. मग कानामागून नि चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरतं. पॅरासिटामॉल दिल्याने ते अडत नाही, न दिल्याने लवकर येत नाही. ॲस्पिरिन मात्र मुलांना देऊ नये.

खरा घात होतो तो पथ्याच्या नावाखाली मूल अर्धपोटी ठेवल्याने. गोवर शरीरातलं अ जीवनसत्त्व ओरबाडून नेतो. न्यूमोनिया होतो, डोळे जाऊ शकतात. म्हणून डॉक्टर लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाची मात्रा देतात, वर्षावरच्या मुलाला दर वेळी 2 लाख युनिट. अंगावरचं दूध, वरण-भात, पेज, सगळं चालू ठेवायचं. धाप लागली, गुंगी आली, पाणीही पोटात ठरेना, तर तडक रुग्णालय.

जुन्या रिवाजातली एक गोष्ट मी मनापासून मानतो: आजारी मुलाच्या खोलीत बाहेरच्याला मज्जाव. गोवर पुरळाच्या आधी 4 आणि नंतर 4 दिवस पसरतो. पण नेमका हाच नियम आपण मोडतो. ताप उतरला की मूल शाळेत.

शिवाय प्रत्येक पुरळ गोवराचं नसतं. कांजिण्यांत लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली एकाच वेळी शेजारी-शेजारी दिसतात. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरीच. तोंडात छाले, तळहात-तळपायांवर फोड, तर तो हात-पाय-तोंडाचा आजार. पुरळावर काचेचा पेला दाबून पाहा: तापातल्या मुलाचे ठिपके फिके पडले नाहीत, तर तासभरही थांबू नका.

'होऊन गेलेला बरा, लस कशाला?' असं म्हणणाऱ्यांनी 2022चा नोव्हेंबर आठवावा. मुंबईतल्या गोवंडीत, इथून जवळच्या भिवंडीत गोवर फोफावला, मुलं दगावली. मुंबईत दगावलेल्यांपैकी बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. गोवर-रुबेलाची पहिली लस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी 16 ते 24 महिन्यांत, सरकारी केंद्रात मोफत. राहून गेली असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येते. घरातलं लसीकरणाचं कार्ड आजच काढून बघा.