दाभोळ ते बेंगळुरू : नैसर्गिक वायूचे लाभ आणि जोखीम

बेंगळुरू : रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळहून निघणारी ‘गेल’ची सुमारे १,००० किलोमीटर लांबीची वाहिनी २०१३ मध्ये कार्यान्वित झाली आणि बेंगळुरूला नैसर्गिक वायू मिळू लागला. वीजनिर्मितीत कोळशाच्या तुलनेत या वायूचे कार्बन उत्सर्जन जवळपास निम्मे असते; राखही उरत नाही. मात्र उत्खनन आणि वाहतुकीत गळणारा मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. शिवाय देशाच्या गरजेपैकी जवळपास निम्मा वायू आयात करावा लागतो. युक्रेन युद्धामुळे २०२२ मध्ये दर भडकले, तेव्हा हे परावलंबन उघड झाले. येलहंका येथील ३७० मेगावॉट वायुविद्युत प्रकल्पाचे अर्थकारणही वायूच्या दराशी निगडित आहे. गळतीवर नियंत्रण आणि दरांत स्थैर्य नसल्यास स्वच्छ इंधनाचा दावा अपुरा ठरतो.