गच्चीवरील हिरवळ कोणाची?

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबास गच्ची आपलीच वाटू लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे येणार, त्यांना खेळण्यासाठी तेथे कृत्रिम हिरवळ अंथरावी, असा विचार मनात येतो. खर्च स्वतःचा असताना परवानगी कशाला, असेही वाटते. परंतु हिरवळ कोणी विकत घेतली यापेक्षा तिच्याखालची जागा कोणाची, हा प्रश्न आधीचा आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक जागा असते. आदर्श उपविधींनुसार सभासदास लेखी अर्ज करून व शुल्क भरून ती समारंभासाठी तात्पुरती मिळू शकते. कायमचा ताबा मिळत नाही. सदनिकेतील फेरबदलांसाठीही संस्थेची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक असते. त्यामुळे स्वतःच्या बाल्कनीत सुटा गालिचा पसरणे वेगळे आणि तो खिळे ठोकून पक्का बसवणे वेगळे.

या निर्बंधांमागे कारणे आहेत. खिळ्याने जलरोधक थर फुटला, अथवा पावसाचे पाणी वाहून नेणारी तोंडे गालिच्याखाली बुजली, तर ओल खालच्या घराच्या छतात उतरते. ही पाती पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असतात. ती उन्हात नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी अधिक तापतात आणि आगीत पेटू शकतात. म्हणून जिना, मार्गिका व उंच इमारतीतील आश्रयस्थान येथे ती अंथरूच नयेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर असते. त्यासंबंधीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते.

हिरवळ हवीच असल्यास सरळ मार्ग उपलब्ध आहे. अर्जासोबत जागेचा आराखडा, मालाच्या अग्निरोधकतेचा दाखला आणि दुरुस्तीच्या वेळी स्वखर्चाने गालिचा उचलण्याची लेखी हमी द्यावी. पावसाळ्यापूर्वी तो गुंडाळून ठेवावा. संस्थेने विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, ठराव इतिवृत्तात नोंदवावा आणि हिरवळ सर्व मुलांसाठी खुली ठेवावी.

तोंडी होकार पदाधिकारी बदलताच विसरला जातो; लेखी ठराव टिकतो. गालिच्याची किंमत एकदाच मोजावी लागते. खालच्या घरात ओल उतरली, तर दुरुस्तीच्या खर्चासोबत शेजारधर्मही गमवावा लागतो.